नायनांचे कान लूमने गेले, आतेबहीण जन्मापासून बहिरी. नात्यातल्या लग्नाआधी नेमकी कोणती तपासणी करायची?

पूर्वभाग_सोलापूर:

नमस्कार. इथे वाचत असते, लिहितेय पहिल्यांदा. प्रश्न घरचा आहे, थोडा लांबेल.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. नायना म्हणजे माझे वडील मिसरूड फुटायच्या आत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर लागले ते अजून तिथेच आहेत. आधी चादर, आता टॉवेल. त्यांना कमी ऐकू येतं, पण विचित्र पद्धतीने. दारात रिक्षा थांबली की आतून ओरडतात, 'कोण आलं बघ गं'. आणि कुकरच्या चार शिट्ट्या होऊन भात करपला तरी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. मी 'साठ रुपये' म्हटलं की त्यांना 'आठ' ऐकू येतं. भाजीच्या हिशेबावरून रोज वाद.

आता लग्नाचं. आत्याचा मुलगा आहे, आमच्या भाषेत बावा. लहानपणापासून त्याच्या नावाने चिडवून घेतलंय आणि खरं सांगायचं तर मलाही तो आवडतो. त्याची धाकटी बहीण (पद्मा म्हणू, खरं नाव वेगळं) १९ वर्षांची आहे. तिला जन्मापासून दोन्ही कानांनी अजिबात ऐकू येत नाही, मशीन लावून फरक पडला नाही. मूकबधिर शाळेत शिकली, आता ब्लाऊज शिवते. आमच्या गल्लीतल्या बायका दुसऱ्या कोणाकडे माप द्यायला जात नाहीत. आत्याचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी, म्हणजे अव्वाच्या (आजीच्या, नायनांच्या आईच्या) भावाशी झालंय, तेही सांगून ठेवते.

घरात तीन थिअऱ्या आहेत. आत्या म्हणते, 'पोटुशी होते तेव्हा कारखान्यात कांड्या भरायला जायचे, तो आवाज पोरीच्या कानात बसला.' काकी म्हणते, ग्रहणात विळीवर काहीतरी चिरलं. आणि माझी आई म्हणते, 'ह्या घराण्याचे कानच कच्चे. एकीकडून तुझे नायना, दुसरीकडून ती पोर. तुझी मुलं बहिरीच होणार.' नायना लग्नाच्या बाजूने, आई विरोधात. बावा म्हणतो तपासणी करू या. एका लॅबवाल्याने 'दोघांचं फुल जेनेटिक पॅकेज' करायला सांगितलं. आकडा ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

माझे प्रश्न: नायनांचं कमी ऐकू येणं माझ्यात उतरलं असेल का? पद्माचं आवाजामुळे की रक्तातलं? आणि तपासणी कोणाची, कोणती?

'नात्यात करूच नका' एवढंच लिहू नका प्लीज, ते घरी रोज ऐकते.

शेंगाचटणी:

नात्यात करूच नका. 😀

सॉरी, राहवलं नाही. जाणकार येतीलच. पण लॅबवाल्याच्या पॅकेजला हो म्हणाला नाहीत ते बरं केलंत.

काना_मात्रा:

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचं ऐकणं तपासते. नोकरी पुण्यात, माहेर साखर पेठेत. आमच्या भिंतीपलीकडे माग होते. सुट्टीला माग बंद राहिले की माझ्या आजीला दुपारची झोप लागायची नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, सविस्तर लिहिते.

आधी नायना. रिक्षा ऐकू येते, कुकर नाही, 'साठ'चं 'आठ' होतं: हा जवळजवळ रिपोर्टच लिहिलाय तुम्ही. आवाजाने कान जातो तेव्हा आधी बारीक, चढ्या पट्टीचे आवाज जातात. ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) काढला तर ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं वरच्या पट्टीतली, म्हणून तीच गळतात. रिक्षाची धडधड खालच्या पट्टीतली, ती शाबूत.

धोट्याच्या लूमच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे. अमेरिकेतली निओश ही संस्था ८५ म्हणते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने शंभर डेसिबलमध्ये माणसाने पंधरा मिनिटं थांबावं. नायनांची पाळी किती तासांची, तुम्हीच मोजा. कानाच्या आत शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात, प्रत्येक कानात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तर पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

हे तुमच्यात उतरतं का? नाही. तुमच्याच धंद्यातलं सांगते: तयार चादरीवर ऑइलचा डाग पडला म्हणून जेकार्डच्या पत्त्यांत (नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या कार्डांत) डाग येत नाही. पुढची चादर पत्त्यांवरून निघते, डागाळलेल्या चादरीवरून नाही. वाइसमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. नऊशेवर पिल्लं झाली, एकही बिनशेपटीचं निघालं नाही. (बिचारे उंदीर.) हां, एकाच शेडमधल्या दोघांचे कान सारख्या वेगाने जात नाहीत आणि त्या फरकात जनुकांचा थोडा वाटा असतो. पण तो नाजूकपणा आवाजात उभं राहिल्यावर जाणवणारा. जन्मतः बहिरं मूल त्यातून होत नाही.

आता आत्यांची थिअरी. ती सगळीच फेकून देण्यासारखी नाही. पोटातलं पाणी आणि आईचं शरीर बारीक आवाज बरेच अडवतं, घुमणारा आवाज मात्र आत जातो. फार मोठ्या आवाजात पूर्णवेळ काम केलेल्या गरोदर बायकांच्या मुलांमध्ये ऐकण्याचा दोष थोडा जास्त सापडल्याचा एक स्वीडिश अभ्यास आहे. म्हणून गरोदर बाईने लूमशेडमध्ये काम करू नये हे बरोबरच. पण दोन्ही कान जन्मापासून पूर्ण बंद, हे त्याने होत नाही. तसं असतं तर आपल्या पूर्व भागात दर घरात एक पद्मा असती. ग्रहणाबद्दल काकींशी वाद घालू नका, वेळ जातो.

राहिलं रक्तातलं. जन्मतः बहिरेपणात निम्म्याहून जास्त वेळा कारण जनुकीय असतं, आणि त्यात बहुतेकदा 'रिसेसिव्ह' प्रकार: आईकडून एक बिघडलेली प्रत आणि वडिलांकडून एक, दोन्ही मिळाल्या तरच मूल बहिरं. एकच मिळाली तर ऐकू छान येतं, माणूस नुसता वाहक. म्हणूनच 'आमच्या घराण्यात कोणीच नव्हतं' हे वाक्य काही सिद्ध करत नाही. मामा-भाचीच्या जोडीत चार आण्यांइतकी जनुकं समाईक असतात, मामेभाऊ-आतेबहिणीत दोन आणे. तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता तेवढी वाढते. बहिरेपणाची शंभरावर जनुकं माहीत आहेत. त्यातलं जीजेबी-२ सगळ्यात आधी बघतात. त्यापासून कनेक्झिन-२६ नावाचं प्रथिन बनतं आणि आपल्या देशात त्यातला एक ठरावीक बिघाड बऱ्याच घरांत सापडतो.

हिशेब असा. पद्माचं कारण रिसेसिव्ह धरू. आत्या आणि त्यांचे यजमान दोघेही वाहक ठरतात. बावाला ऐकू येतं, तेव्हा तो वाहक असण्याची शक्यता तिनात दोन. आत्यांचे भाऊ म्हणून नायना वाहक असण्याची शक्यता निम्मी, तुमची त्याच्या निम्मी म्हणजे पाव. दोघंही वाहक निघाला तरच प्रत्येक बाळंतपणाला चारात एक. तिन्ही गुणा: २/३ × १/४ × १/४ = १/२४. चोवीसात एक, साधारण चार टक्के. सर्वसाधारण जोडप्याला हा आकडा हजारात एक-दोन. म्हणजे आईंचं 'बहिरीच होणार' चूक आहे, आणि नायनांचं 'काही होत नाही' हेही.

गंमत अशी की तपासणीनंतर हा चोवीसात एक उरतच नाही. तुमच्यात तो बिघाड नसेल तर शक्यता जवळजवळ शून्यावर येते. दोघांत असेल तर पंचवीस टक्के. मधलं काही नाही.

म्हणून लॅबवाल्याने क्रम उलटा सांगितलाय. तुम्ही दोघं आधी नाही. आधी पद्मा. तिच्यात नेमका बिघाड सापडला की तुम्हा दोघांत फक्त तेवढाच शोधायचा, तो खर्च कितीतरी कमी. पद्माचं न करता तुमचं 'पॅकेज' नॉर्मल आलं तरी त्या कागदाला अर्थ नाही. सुरुवात एकट्या जीजेबी-२ ने करा, काही हजारांत होतं. तिथे नाही सापडलं तरच मोठं पॅनेल, म्हणजे अनेक जनुकं एकदम. हातातून दोन-तीन मिली रक्त लागतं, बस. आणि आधी जेनेटिक काउन्सेलर किंवा मेडिकल जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा. हैदराबादचं सीडीएफडी हे सरकारी केंद्र जनुकीय निदान करतं. सोलापूरहून रात्रीच्या गाडीचं अंतर, आणि तुमची निम्मी सोयरीक तिकडेच असेल.

एक विचारायचं राहिलं. पद्मा जन्मली तेव्हा काही झालं होतं? कावीळ, पेटीत ठेवणं, इंजेक्शनं, नंतर मेंदूज्वर?

जॉबर_रिटायर:

पोरी, तुझ्या नायनाचं वाचून माझंच वाचल्यागत वाटलं. आमच्या शेडात कोण बोलत नव्हतं की ओ, सगळं हातानं आणि ओठानं. चहा सांगायचा तर अंगठा तोंडाकडं, मालक आला तर टोपीची खूण. धोटा अडकलेला मला कानानं नाही, पायाच्या तळव्याला आधी कळायचा. फरशीची थरथर बदलते.

मॅडम, प्लगचं सांगतो. मालकानं एकदा आणून दिले होते. पोरांनी दोन दिवस घातले, मग 'माग काय म्हणतो ते कळंना' म्हणून खिशात. आम्ही कापसाचा बोळा घालायचो, सूतगिरणीच्या गावात कापसाला काय तोटा. त्यानं काय उपयोग झाला नाही का?

काना_मात्रा:

काका, कापसाच्या बोळ्याने पाच-सात डेसिबल कमी होतात. शंभरातून तेवढे वजा करून काय उरतं बघा. फोमचा प्लग नीट बसला तर वीस-पंचवीस. पण नीट. बोटांत वळून विडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरायचा. बहुतेक लोक बुचासारखा बाहेर टेकवतात आणि म्हणतात उपयोग नाही. माग काय म्हणतो ते आठवड्याभरात कळायला लागतं, कान त्या पट्टीला सरावतो. बाकी तुमचा तळवा आहेच.

आणि नायनांच्या कारखान्याला ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर आवाजाने आलेलं बहिरेपण व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, हे विसरू नका. ऑडिओग्राम काढून ठेवा.

बोटांची_भाषा:

मी बार्शीची. माझा मुलगा बहिरा आहे, बारावीला. वरचं सगळं पटलं, पण एक टोचतंय. अख्ख्या धाग्यात पद्मा म्हणजे 'शक्यता' झाली आहे. १९ वर्षांची, स्वतःच्या कमाईची मुलगी आहे ती. रक्त तिचं आहे तर विचारा तिला, हाताने समजावून, नीट. 'तुझ्यासारखं मूल होऊ नये म्हणून तुझं रक्त हवंय' असं ऐकायला कसं वाटेल, हाही विचार करा.

आणि समजा चारात एक लागलाच, तर? आमच्या मुलाचं अडीच वर्षांनी कळलं, कारण सगळे म्हणायचे 'बापावर गेलाय, उशिरा बोलेल'. ती अडीच वर्षं आम्हाला महागात पडली, बहिरेपण नाही. आज जन्मल्या जन्मल्या कानात छोटा प्रोब ठेवून ओएई नावाची ऐकण्याची तपासणी होते, बाळ झोपलेलं असताना, काही मिनिटांत. महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन किंवा पुढचा इलाज. सरकारी योजनेतून इम्प्लांटही (ऑपरेशनने कानात बसवायचं यंत्र) होतं, पण त्याला वयाची अट असते, त्यामुळे उशीर परवडत नाही. तुमच्या घरात तर आधीपासून हाताने बोलणारी माणसं आहेत. आम्हाला ते शिकायला पुण्याला जावं लागलं.

पूर्वभाग_सोलापूर:

सगळ्यांचे आभार. बोटांची_भाषा ताई, तुमचं वाचून मी काल पद्माकडे गेले. तिला ब्लाऊजच्या कागदी कटिंगच्या मागे पेनाने वंशावळ काढून दाखवली. अव्वा, आत्या, नायना, आम्ही. ती बराच वेळ बघत होती, मग तिने अव्वाच्या नावावर बोट ठेवलं आणि 'हिचं पण रक्त काढा, ही कोणाचं ऐकत नाही' अशी खूण केली. तयार आहे ती. एकच अट घातली, रिपोर्ट आधी तिच्या हातात द्यायचा, तिच्या आईच्या नाही.

काना_मात्रा ताई, आत्याला विचारलं. पद्मा आठव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती, ताप होता, 'लई इंजेक्शनं' दिली. कागद एकही नाही, ते हॉस्पिटलही आता बंद झालंय. मग जनुकीय नसेल का?

काना_मात्रा:

पद्माची अट योग्य आहे, कायद्यानेही रिपोर्ट तिचाच.

इंजेक्शनांमुळे चित्र थोडं बदलतं, सोपं मात्र होत नाही. कमी दिवसांच्या बाळाला ताप आला की बऱ्याचदा जेंटामायसिन किंवा अमिकासिन देतात. जीव वाचवणारी औषधं आहेत, पण केसपेशींना जड. बहुतेक बाळांना निभतात. मात्र काही घरांत मायटोकॉन्ड्रियात (पेशीतलं ऊर्जाघर, त्याची स्वतःची वेगळी जनुकं असतात) १५५५ क्रमांकाच्या जागी एक बदल असतो. तो असला तर या गटातली थोडी इंजेक्शनंही कान घेऊन जातात. टीबीचं जुनं स्ट्रेप्टोमायसिन याच गटातलं. नुसता बदल असून कान शाबूत राहू शकतात आणि नुसतं औषध घेऊनही. दोन्ही एकत्र आले की घात. तुमचा 'आवाजामुळे की रक्तातलं' हा प्रश्न इथे लागूच पडत नाही.

आता ऐका. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून मिळतो. पद्मात १५५५ सापडला तर तो आत्यांकडून, त्यांना अव्वांकडून. बावात असेल, नायनांतही असेल. तुमच्यात नाही, कारण तुमचा तुमच्या आईकडून आलाय. आणि बावा पुरुष आहे, तो मुलांना देऊच शकत नाही. म्हणजे लग्नाच्या दृष्टीने त्या बाजूने काळजी मिटली. पण बावा, नायना, आत्या, अव्वा सगळ्यांनी डॉक्टरकडे गेल्यावर 'ही इंजेक्शनं नकोत, दुसरा पर्याय बघा' हे सांगायला हवं. फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवा. नायनांना कधी टीबी झाला होता का, तेही विचारा.

तेव्हा पद्माच्या नमुन्यावर दोन गोष्टी मागा: जीजेबी-२ आणि मायटोकॉन्ड्रियाचा १५५५. दोन्ही निगेटिव्ह आले तर 'जनुकीय नाही' असा शिक्का मारू नका. मग मोठ्या पॅनेलचा निर्णय काउन्सेलरशी बोलून. शेवटी कारण सापडलंच नाही असंही होतं. तेव्हा आकडा शून्य आणि चार टक्के यांच्या मध्ये कुठेतरी राहतो आणि तो घेऊनच ठरवावं लागतं.

आणखी एक, स्वस्तातलं. तुम्ही आणि बावा एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी. आपल्या देशात शंभरात तीन-चार जण वाहक असतात, आणि नात्यात दोघंही असण्याची भीती जास्त. तुम्हाला रक्त कमी असेल तर आधी लोहाची तपासणी करा, कारण लोह फार कमी असलं की वाहकपण रिपोर्टात झाकलं जाऊ शकतं.

शेंगाचटणी:

माझ्या पहिल्या कमेंटवर पाणी सोडा. बारावीच्या बायोलॉजीत हे असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

होटगी_रोड:

मध्येच घुसतो, माफ करा. आमचं लग्न मामेबहिणीशी झालंय, बाळ दोन महिन्यांचं. ओएई केलेली नाही. पण मागून टाळी वाजवली की दचकतं, ताट पडलं की रडतं. मग करायलाच हवी का?

काना_मात्रा:

करा. टाळीची हवा मानेला लागते, ताट पडल्याची थरथर पलंगातून जाते. बाळं त्यानेही दचकतात. शिवाय खालची पट्टी शाबूत आणि वरची गेलेली असली तरी ताटाला रडतं. सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत चौकशी करा. दूध पाजून, झोपवून न्या, जागं बाळ चुळबुळ करतं आणि तपासणी पुन्हा करावी लागते. पहिल्यांदा 'रेफर' (पुन्हा तपासा) आलं तरी घाबरू नका, कानात मळ किंवा पाणी असलं तरी तसं येतं. दुसऱ्यांदा आलं तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी.